लहान मुलांस इतिहास कसा शिकवावा?

(एका खेड्यांतील प्राथमिक शाळेंत पालकांच्या सभेपुढें केलेलें भाषण)



ऊसतोडीचे दिवस, कारखान्याची गाडी केव्हां फडावर येऊन उभी राहील याचा नेम नाहीं, आणि अशा वेळीं हातचें काम टाकून तुम्ही शाळेच्या पडवींत येऊन बसलां आहां; तेव्हां आम्ही पाल्हाळ करणार नाहीं. असें म्हणून दोन तास बोलणारे वक्ते तुम्हीं पुष्कळ पाहिले असतील. आमच्याविषयीं तसा वहीम आल्यास खुशाल उठून जावें, आम्हांस राग येणार नाहीं.

लहान मुलांस इतिहास कसा शिकवावा, हा विषय मास्तरांचा. त्यांत आमचें काय काम, असें तुमच्यापैकीं कित्येकांस वाटत असेल. गणित आलें तर पोर बाजारांत फसणार नाहीं, इंग्रजी आलें तर कोठें नोकरीला चिकटेल, पण इतिहास येऊन काय पोट भरणार आहे? हा सवाल रास्त आहे. त्याचा जबाब आम्हांस एका कुंभाराच्या मुलानें दिला. तोच आधीं सांगतों.

आम्हीं बरींच वर्षें खेड्यांपाड्यांतून प्राथमिक शाळेंत मुलें शिकविलीं. एका वर्षीं चौथीच्या वर्गांत सहज विचारलें, "कोणाकोणाच्या घराला इतिहास आहे?" पाटलाच्या मुलानें हात वर केला, त्याच्या घरीं भिंतीवर जुनी तलवार होती. देशमुखांच्या नातीनें हात वर केला. त्यांच्या पडक्या वाड्याचा दरवाजा अजून उभा होता. मागल्या रांगेंत एक मुलगा मान खालीं घालून बसला होता. त्याला उभा करून विचारलें, तर म्हणाला, "गुरुजी, आमच्या घरला इतिहास न्हाई. आमी कुंभार हाय."

नऊ वर्षांचें तें पोर! त्याला असें कोणीं तोंडानें सांगितलें नव्हतें. पण चार वर्षें शाळेंत बसून त्यानें तेवढें बरोबर हेरलें होतें कीं, इतिहास म्हणजे ज्यांच्या घरीं तलवार त्यांचा; ज्यांच्या घरीं चाक, भाता, ऐरण, वाकस, माग आणि नांगर आहे त्यांचा नव्हे. आणि हें त्याला शिकविणारे कोण? आम्हीच. त्याच वर्षीं आम्हीं मुलांकडून लढायांचे सन तालावर घोकून घेतले होते. तपासणीला साहेब आले तेव्हां मुलांनीं ते धडाधडा म्हटले, साहेब खूष झाले, आम्हांस शाबासकी मिळाली. त्या शाबासकीची आम्हांस अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्या मुलाला जी हकीकत सांगितली ती तुम्हींही ऐका. पुणें जिल्ह्यांत, शिरूर तालुक्यांत, घोड नदीच्या कांठीं इनामगांव म्हणून गांव आहे. तेथें १९६८ सालापासून कित्येक हंगाम पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या मंडळींनीं जमीन उकरून पाहिली. सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वींची शेतकऱ्यांची वस्ती तेथें निघाली. मातीचीं घरें, चुली, धान्याचीं पेवें, करपलेले जवाचे दाणे, पाणी वळविण्यासाठीं घातलेला बांध व चर, आणि भांडीं भाजण्याची भट्टी. लहान मूल दगावलें तर दोन मडक्यांच्या तोंडाला तोंड लावून त्यांत त्याला ठेवीत आणि राहत्या घराच्या जमिनीखालींच पुरीत. तें लेंकरूं उंबऱ्याबाहेर टाकण्याचा त्या आईचा जीव होत नसेल, दुसरें काय!

या लोकांचा राजा कोण होता? कोणास ठाऊक. त्यांना लिहितां येत नव्हतें, त्यामुळें नांव कोणाचेंच राहिलें नाहीं. मग ते होते हें कळलें कशावरून? बाकीच्या खुणांबरोबर मुख्यतः खापरांवरून. तांबड्या अंगाचीं, वर काळ्या रेघांची नक्षी काढलेलीं, तोटीचीं भांडीं. अशींच भांडीं संगमनेर तालुक्यांत प्रवरेच्या कांठीं जोर्वे गांवीं पूर्वीं सांपडलीं होतीं, म्हणून ज्या ज्या जागीं तीं निघालीं त्या सर्व वस्त्यांना विद्वान लोक जोर्वे संस्कृति म्हणतात. म्हणजे पाहा, राजाची मुद्रा नाहीं, भाटाचें कवन नाहीं, ताम्रपट नाहीं. आणि तरीही एका काळच्या सबंध शेतकरी समाजाची ओळख पटते ती कुंभाराच्या हातावरून!

मुलगा डोळे मोठे करून ऐकत होता. दुसऱ्या दिवशीं तो खिसा भरून खापऱ्या घेऊन आला. "गुरुजी, ह्ये किती जुनं?" आम्हीं उलटून पालटून पाहिलें आणि सांगितलें, "बाळ, हें बहुतेक गेल्या वर्षींचें असावें." वर्ग हंसला, तोही हंसला. पण त्या दिवसापासून तो मान खालीं घालून बसला नाहीं. इतिहास येऊन पोट भरत नाहीं हें आम्हांस कबूल आहे. पण आपल्या बापाच्या धंद्याची लाज वाटणारें मूल पुढें भरल्या पोटींही वांकूनच चालतें, हें तुम्हांस आमच्यापेक्षां अधिक ठाऊक आहे.

आतां शिकविण्याची रीत. आठ वर्षांच्या मुलाला "साडेतीनशें वर्षांपूर्वीं" म्हटलें काय आणि "एके काळीं" म्हटलें काय, दोन्ही सारखेंच. त्याला काल कळतो, गेली दिवाळी कळते, आणि "आजी लहान होती तेव्हां" एवढें कळतें. तेव्हां आम्हीं एक युक्ति केली. नाड्याची जुनी दोरी आणली आणि तिला वीतवीत अंतरावर गांठी मारल्या. एक गांठ म्हणजे एक पिढी, पंचवीस वर्षें धरा. दोरीचें टोंक मुलाच्या हातांत, म्हणजे आजचा दिवस. दोन गांठी मागें गेलें कीं १९७२ चा दुष्काळ. चौदा गांठी मागें गेलें कीं रायगडावर राज्याभिषेक. आणि इनामगांवच्या त्या कुंभारापाशीं पोंचायचें तर गांठी सुमारें एकशेंचाळीस! दोरी वर्गांत मावेना. मुलें ती घेऊन दाराबाहेर, पटांगण ओलांडून आडापर्यंत गेलीं. त्या दिवशीं सन पाठ करून घ्यावे लागले नाहींत. चौदा गांठी जवळ आहेत आणि एकशेंचाळीस लांब आहेत, हें पायांनीं चालून कळलें.

मग त्यांतल्या दुसऱ्या गांठीवर बोट ठेवून आम्हीं मुलांस घरीं धाडलें. सांगितलें, आजीला किंवा आज्याला विचारा: बहात्तर सालीं तुम्ही काय खाल्लें, कोठें काम केलें, आणि तें काम आज कोठें दिसतें? एवढेच तीन सवाल.

काय काय आलें म्हणून सांगूं! कोणी लिहून आणलें कीं, अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो खाल्ली, तिची भाकरी धड थापतां येईना. कोणी लिहिलें, कामावर सुकडी मिळायची. एकीची आजी म्हणे सुकडी गोड लागायची. दुसरीची म्हणे तोंडांत फिरायची, पण पोरांसाठीं पदरांत बांधून आणायची. एका मुलीनें लिहिलें कीं तिची आजी खडी फोडीत असे आणि तिचा चुलता तेव्हां तान्हा, त्याला बाभळीच्या सावलींत झोळींत टाकलेला असे. गांवाबाहेरचा पाझर तलाव, ज्यांत हीं पोरें उन्हाळ्यांत डुंबतात, तो त्यांच्याच आज्यांनीं डोक्यावर माती वाहून बांधला, हें वर्गांतल्या एकाही मुलाला तोंपर्यंत ठाऊक नव्हतें. आणि बायांनो, हें तुम्हीं त्यांना कधीं सांगितलेंही नव्हतें! कारण तें दुःख होतें, कष्ट होते. कष्ट म्हणजे कांहीं सांगण्यासारखी गोष्ट नव्हे, असें आपण धरून चालतों. अहो, त्याच कष्टांतून महाराष्ट्रांत रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ सालीं तिचा कायदा झाला, आणि २००५ सालीं त्या धर्तीवर सबंध देशासाठीं कायदा करावा लागला. दिल्लीच्या कायद्याचें मूळ शोधीत गेलें तर वाट तुमच्या आजीच्या पाटीपाशीं येते.

पुढची गंमत ऐका. एका मुलाच्या आज्यानें सांगितलें कीं आधीं तलाव झाला, मग रस्ता. दुसऱ्याची आजी म्हणे, छे, रस्ता आधीं. दोन्ही मुलें भांडत आमच्याकडे आलीं, "गुरुजी, खरं कुणाचं?" ज्या मुलाच्या तोंडून हा प्रश्न निघाला त्याला इतिहासाची नाडी सांपडली म्हणून समजा. आम्हीं उत्तर दिलें नाहीं. आम्हांस ठाऊकच नव्हतें, म्हणून देतां आलें नाहीं, हेंही खरें! शनिवारीं शाळा सुटल्यावर सगळे मिळून तलावावर गेलों. तेथें एका लोहाराच्या पोरीनें पाहिलें कीं रस्ता तलावाच्या बांधावरूनच जातो. ती म्हणाली, "बांध नसता तर रस्ता कुठनं गेला असता?" निकाल लागला. आजीची आठवण खोटी नव्हती; ती ज्या रस्त्याचें म्हणत होती तो दुसराच, गांवाच्या वरच्या अंगाचा निघाला. माणूस सांगतो तें ऐकावें, दुसऱ्याचेंही ऐकावें, आणि मग जाऊन जागा पाहावी, हें त्या पोरांना कोणत्याही पुस्तकाशिवाय समजलें.

हें आमच्या डोक्यांतून निघालें असें कोणी समजूं नये. सरकारनें नेमलेल्या हंटर साहेबांच्या कमिशनापुढें १८८२ सालीं जोतीराव फुल्यांनीं जें निवेदन दिलें, त्यांत खेड्यांतल्या प्राथमिक शाळांत काय शिकवावें हें त्यांनीं सांगितलें आहे. मोडी व बाळबोध लिहिणें वाचणें, हिशेब, सामान्य इतिहास व भूगोल, व्याकरण, शेतकीची थोडी माहिती, नीति आणि आरोग्याचे धडे. इतिहास हा शेतकऱ्याच्या मुलाला नको, असें त्यांनीं म्हटलें नाहीं. शेतकीच्या बरोबरीनें तो मागितला. आणि शिक्षक कसा असावा? तर शक्य तों शेतकरी वर्गांतला, त्यांच्यांत मिसळणारा, वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातीं धरण्याची लाज न वाटणारा. पुढें १९१७ सालीं शाहू छत्रपतींनीं करवीर संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत करण्याचा कायदा केला. शाळा मिळाली, तुमचीं मुलें बांकावर येऊन बसलीं. पण त्यांच्या पुढ्यांतल्या इतिहासांत त्यांच्या घरचें माणूस कोठें आहे, हा प्रश्न उरलाच.

आतां कोणी म्हणेल, मग काय शिवछत्रपतींचा इतिहास काढून टाकून आजीच्या गोष्टी शिकवायच्या? राम राम! आपल्याकडे चौथीच्या वर्गांत पिढ्यान् पिढ्या महाराजांचा इतिहास शिकविला गेला आहे, आणि तो शिकविलाच पाहिजे. अफझलखानाची भेट, शाहिस्तेखानाचीं बोटें, आग्र्याहून सुटका, हें ऐकतांना ज्या पोराचे डोळे चमकत नाहींत तें पोरच नव्हे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, मुलाच्या मनांत महाराज फक्त तलवारीसकट जाऊन बसूं नयेत. त्यांचा हिशेबही जाऊन बसावा.

चिपळुणाजवळ छावणी करून असलेल्या आपल्या घोडदळाला महाराजांनीं धाडलेलें एक पत्र आजही आहे, राज्याभिषेकाच्या सुमाराचें. त्यांत लढाईचें कांहीं नाहीं. पावसाळा काढायचा आहे, दाणा व वैरण बेताबेतानें वापरा. आतांच उधळून टाकाल तर पावसाळ्यांत कांहीं मिळणार नाहीं, घोडीं उपाशीं मरतील, आणि मग तुम्ही कुणब्यांच्या घरांत शिराल, कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी फाटे, कोणी भाजी. तसें झालें तर रयत म्हणेल यांच्यापेक्षां मोगल बरे. जें लागेल तें बाजारांत पैसे देऊन आणा. एवढ्यावर न थांबतां पुढें लिहिलें आहे कीं, रात्रीं दिवे जळत ठेवूं नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि वैरणीला आग लागेल. गवत गेलें कीं पागा गेली.

हें पत्र आम्हीं वर्गांत सोप्या बोलींत सांगितलें तेव्हां वर्ग चिडीचूप होता. मग एक मुलगी म्हणाली, "उंदीर वात कशाला नेईल?" दुसरा ताडकन् म्हणाला, "त्येलासाठी!" मग जो तो आपल्या घरच्या गंजीचें सांगूं लागला. कोणाची गंजी बिडीनें पेटली, कोणाची विजेच्या तारेनें. कडब्याची गंजी म्हणजे काय हें शहरच्या पोराला चित्र काढून दाखवावें लागेल, आमच्या पोराला नाहीं. ज्याला आपण मखरांत बसवितों त्या राजाला गवताच्या काडीची फिकीर होती, उंदराची फिकीर होती, आणि त्याच्या पत्रांत कुणब्याच्या घरची भाकर व भाजी आहे, हें मुलाला कळलें कीं राजा आणि तें मूल एका गांवचीं होतात.

आणखी एक सांगणें आहे, तें थोडें नाजूक आहे. तुमच्या वर्गांत मुलाण्याचें पोर बसतें, पिंजाऱ्याची पोर बसते. महाराजांचा धडा चालला कीं तीं मुलें चोरटीं होऊन बसतात, आणि बाकीचीं मधल्या सुटींत त्यांना चिडवितात. हा महाराजांचा इतिहास नव्हे. महाराजांच्या आरमाराचा सरदार दौलतखान होता. अफझलखानाचा वकील म्हणून आला तो कृष्णाजी भास्कर, ब्राह्मण. पुरंदरला वेढा घालणारा मिर्झाराजा जयसिंग, रजपूत. आणि खुद्द मराठे सरदार कित्येक आदिलशहाच्या चाकरींत महाराजांवर चालून आलेले. जातीधर्माचे दोन रकाने आंखून त्या काळचीं माणसें त्यांत बसवूं गेलें तर तीं बसत नाहींत. मुलांस हीं नांवें सरळ सांगावीं, व्याख्यान देऊं नये. मुलें आपापलें समजतात.

गांवोगांव इतिहास पडला आहे हो! मारुतीच्या देवळापाशीं, वेशीपाशीं शेंदूर फांसलेला एक उभा दगड असतो, त्यावर तीन चार खण कोरलेले. बायका त्याला देव म्हणून पाणी घालतात. तो वीरगळ. खालच्या खणांत लढाई, कधीं बाजूला गाई कोरलेल्या. मधल्या खणांत त्या वीराला अप्सरा वर घेऊन जातात. वरच्या खणांत तो शंकराच्या पिंडीपुढें हात जोडून बसलेला, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत याची कीर्ति राहो. बहुतेकांवर नांव नाहीं. गाई कोरलेल्या असतील तर समजावें कीं गांवचीं गुरें कोणी हाकून नेत होता आणि हा आडवा गेला. अक्षर न येणाऱ्या पोरालाही हा दगड खालून वर वाचतां येतो. आणि आम्ही मात्र त्याच्या शेजारीं पोरांना उभें करून दिल्लीच्या बादशहांचीं नांवें म्हणवून घेतों!

पांचवीच्या मुलांना आम्ही सुप्याची हकीकत सांगतों. १८७५ सालच्या मे महिन्याची १२ तारीख, सुप्याचा बाजार. गोळा झालेल्या कुणब्यांनीं सावकारांचीं दुकानें व घरें फोडलीं आणि बाहेर काय ओढलें? खतें, रोखे, दस्तऐवज. रस्त्यांत ढीग करून पेटविले. पुढें हें लोण पुणें व नगर जिल्ह्यांत पसरलें. त्याच्या आधींची गोष्ट अशी कीं, १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत आपसांत लढाई चालली, तिकडचा कापूस बंद झाला, इकडे भाव चढले, सावकारानें हात सैल सोडला. लढाई थांबली, भाव कोसळले, त्यांतच सरकारनें सारा वाढविला, आणि कुणबी कर्जांत रुतला. आम्ही मुलांस विचारतों, "कागद कां जाळला?" एक वर्षीं एका मुलानें उत्तर दिलें, "कागदात काय हाय त्ये त्येंना वाचता येत न्हवतं म्हून." आम्ही गप्पच झालों. ज्यावर आंगठा उठविला तो कागद काय म्हणतो हें न कळणें, ही अविद्या. तिच्यावर जोतीरावांनीं जन्मभर आसूड ओढला. १८७९ सालीं शेतकऱ्यांसाठीं कायदा झाला, पण कायदाही कागदच! मुलगा वाचायला कां शिकतो याचें उत्तर त्याला सुप्याच्या बाजारांत सांपडतें. मात्र हें सांगतांना तिथल्या मारवाड्याचें सोंग काढून पोरांना हंसवूं नये. त्याच जातीचें पोर त्याच बांकावर बसलेलें असतें, आणि साऱ्याचा आंकडा त्याच्या पणज्यानें ठरविला नव्हता.

इतिहास मोठ्यांनींच लिहावा असें कोठें आहे? जोतीराव आणि सावित्रीबाई यांच्या शाळेंत शिकणारी मुक्ता साळवे ही मांगाची मुलगी. वय चौदाच्या आंतबाहेर. तिनें १८५५ सालीं मांग-महारांच्या दुःखाविषयीं निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदयां'त छापून आला. आपल्या लोकांच्या जमिनी कशा गेल्या, पेशवाईंत त्यांचे काय हाल झाले, बाळंतिणीच्या डोक्यावर छप्परही कसें नसे, हें त्या पोरीनें ऐकलेलें आणि पाहिलेलें लिहिलें. शाळेची तिची उणीपुरी तीन वर्षें! पावणेदोनशें वर्षें होत आलीं तरी विद्वान लोक तो निबंध पुरावा म्हणून काढून दाखवितात. म्हणून आम्ही म्हणतों, पोरानें आजीचें ऐकून वहींत चार ओळी लिहिल्या तर त्या रद्दींत घालूं नका.

आतां थोडें आपल्याच घरांतलें बोलतों. राग आला तर यावा. आपल्या इतिहासांत आपल्याला जागा दिली नाहीं असें आपण शंभर वर्षें ओरडत आलों, आणि तें ओरडणें खरें होतें. पण जागा मिळतांच आपण काय केलें? जो तो आपल्या जातीला राजघराणें शोधूं लागला. कुंभाराला चाकाचा अभिमान नको, सूर्यवंश हवा. तेल्याला घाणा नको, क्षत्रियाचें कूळ हवें. भाटाला पैसे देऊन वंशावळी करवून घेतल्या. अहो, ज्या पोथींतल्या पायऱ्यांनीं आपल्याला खालीं बसविलें, त्याच पायऱ्यांवर एक पायरी वर सरकण्याची ही खटपट! तसेंच हल्लीं मोबाईलवर सकाळसंध्याकाळ इतिहास येऊन पडतो. लिहिणारा कोण, पत्र कोठलें, कांहीं पत्ता नाहीं. पण अमक्याच्या पूर्वजानें तमक्याचा दगा केला, हें मोठ्या अक्षरांत. तुम्ही तें जेवतांना मोठ्यानें वाचतां आणि पोर ऐकतें. दुसऱ्या दिवशीं वर्गांत तें शेजारच्या पोराला "दगाबाज" म्हणतें. तुमच्या घरांतून आलेला हा धडा मास्तरला पुसतां पुसत नाहीं. एवढें तरी करा: वाचून झालें कीं पोरासमोर मोठ्यानें विचारा, "हें यांना कशावरून कळलें?" उत्तर नसेल तर नसेना का, प्रश्न तर कानांवर पडेल.

रायगडाला सहल काढण्याचें मास्तर म्हणत होते. जरूर जावें, पण पैशाअभावीं जी मुलें मागें राहतील त्यांना गांवांतच इतिहास दाखवावा, असें आम्ही सुचविलें आणि मास्तरांनीं तें मानलें आहे. तेव्हां येत्या शनिवारीं शाळा सुटल्यावर मुलें वेशीपासच्या वीरगळावर जातील. शेंदराचा थर जाड आहे, चित्रें दिसत नाहींत. तो खरवडण्याला ज्या बायांची हरकत असेल त्यांनीं आजच सांगावें, त्यांचें मन दुखवून कांहीं करायचें नाहीं. तसें असल्यास शेजारच्या वस्तीवरचा उघडा वीरगळ पाहूं. लोहारदादांनीं आपला भाता मुलांस दाखवण्याचें कबूल केलें आहे. आणि तुमच्या ट्रंकांतून, माळ्यावरून मोडी कागद असतील, कुळाचे, वांटपाचे, सावकाराच्या पावत्या, ते चुलींत घालूं नका. मोडी वाचणारे एक म्हातारे गृहस्थ पुढल्या महिन्यांत यावयाचे आहेत. ज्यानें त्यानें आपला कागद आपल्या हातानें आणावा, वाचून झाल्यावर त्याच दिवशीं आपल्या हातानें परत न्यावा. येथें कोणी ठेवून घेणार नाहीं. बाहेर गाडीचा कर्णा वाजतो आहे, ज्यांच्या फडाची पाळी असेल त्यांनीं निघावें.